निवडणूक-भाव

निवडणूक-भाव : एखाद्या मतदारसंघातील उमेदवाराच्या जयापजयावर पैसा लावताना ठरणारा व मतमोजणीपर्यंत चढउतार पावणारा दर. पैज दोन परिचितांत, एकदाच झालेल्या बोलीवर, चारचौघांच्या साक्षीने लागते. भाव मात्र परस्परांस अपरिचित अशा अनेकांच्या देण्याघेण्यातून निपजतो, आणि म्हणून त्यास बाजार लागतो. शिरोली एमआयडीसीच्या परिसरात पैज घरची आणि भाव बाहेरचा, हा भेद ध्यानी घेतला म्हणजे लहान मतदारसंघातील भावाची खरी किंमत उमगते.

स्थळ : कोल्हापुराहून पंचगंगेचा पूल ओलांडताच पुणे-बंगळूर महामार्गालगत लागणारी ही ओतकामाच्या कारखान्यांची वसाहत शिरोली पुलाची या गावानजीक असून, ते गाव हातकणंगले तालुक्यात व त्याच नावाच्या विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघांत मोडते. कामगार मात्र करवीर, पन्हाळा, शिरोळ अशा निरनिराळ्या तालुक्यांतून येत असल्यामुळे, पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी चार मतदारसंघांची खबर एका बाकावर येऊन बसते. कोणा गावचा कोणता गट कुणीकडे वळला, याचा ऊहापोह ‘काय लावतोस?’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो, आणि बहुधा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणावर मिटतो.

परिभाषा व गणित : बाजारात उमेदवारावर पैसा टाकणे म्हणजे ‘लावणे’ आणि तो सौदा अंगावर घेणे म्हणजे ‘खाणे’, लाखास ‘पेटी’ व कोटीस ‘खोका’ म्हणतात, व यांपैकी ‘खोका’ हा शब्द २०२२ च्या सत्तांतरानंतर राज्याच्या राजकारणात घोषणेच्या रूपाने रूढ झाला. भाव जितका कमी, तितका उमेदवार प्रबळ. समजा, तिरंगी लढतीत पहिल्याचा भाव ६० पैसे, दुसऱ्याचा २ रुपये व तिसऱ्याचा ९ रुपये आहे. म्हणजे पहिल्यावर रुपया लावणाऱ्यास, तो निवडून आल्यास, मुद्दल परत मिळून वर ६० पैसे नफा होतो. एक रुपयास मुद्दल व नफा यांच्या बेरजेने भागले असता विजयाची गर्भित शक्यता निघते : अनुक्रमे ६२.५, ३३.३ व १० टक्के. बेरीज १०५.८ भरते, शंभरावरचा हा वाढावा सौदे अंगावर घेणाऱ्या बुकीचा, आणि तो वजा केल्याशिवाय भावास अंदाज म्हणणे हिशेबास धरून नाही.

मर्यादा : मागच्या निकालावरून पुढचा भाव बांधता येत नाही; हातकणंगले विधानसभा मतदारसंघात २०१९ मध्ये तत्कालीन आमदार सुजित मिणचेकर यांचा राजू आवळे यांनी, आणि २०२४ मध्ये आवळे यांचा जनसुराज्य शक्ती पक्षाचे अशोकराव माने यांनी पराभव केला. लोकसभेसाठी येथे ७ मे २०२४ रोजी मतदान होऊन मोजणी ४ जूनला झाली. हे २८ दिवस अंदाजांचे व पैजांचे. त्या तिरंगी लढतीत धैर्यशील माने यांनी सत्यजित पाटील यांच्यावर १३,४२६ मतांनी मात केली, आणि राजू शेट्टी तिसऱ्या स्थानी राहिले. इतक्या थोड्या अंतराचा निकाल कोणताही भाव आधी सांगू शकेल, ही अपेक्षाच अवास्तव होय. शिवाय देशाच्या निकालावर लावणारे असंख्य असतात, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने काही अंशी भरून निघते. एका विधानसभा मतदारसंघावर लावणारे मोजके, त्यांतही समर्थकच पुष्कळ, आणि एखाद्या धनिकाने मोठी रक्कम ओतल्यास भाव तत्काळ झुकतो. मतपेटीपुढे प्रत्येकास एकच मत असते, बाजारात मात्र ज्याची थैली मोठी त्याची मते अधिक. गर्दी मोठी असली तरी खात्री नसते : २०२४ मध्ये राजस्थानातील फलोदीच्या सट्टाबाजाराच्या नावाने भाजपला ३०० च्या आसपास जागांचे अंदाज प्रसृत झाले, प्रत्यक्षात २४० मिळाल्या.

अन्यत्र : अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीवर अभ्यासार्थ असा बाजार उघडला, पॉलिमार्केट व कल्शी या कंपन्यांनी पुढे त्यास मोठ्या व्यापाराचे रूप दिले. तेथे होय-नाही स्वरूपाचा करार शून्य ते एक डॉलर या दरम्यान विकला जातो, त्यामुळे ६२ सेंट हा दर म्हणजे स्थूलमानाने ६२ टक्के शक्यता, असे सरळ वाचता येते.

कायदा : १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ३० अन्वये पैजेचा करार शून्य असून, जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल होत नाही; असा करार शून्य असला तरी तेवढ्याने त्याचा हेतू बेकायदेशीर ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख खटल्यात १९५९ मध्ये दिला. तथापि महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाचा अंमल आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय अधिनियमाने बंदी आली. शेजारच्या सांगली लोकसभा मतदारसंघात २०२४ च्या निकालापूर्वी प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या दोन समर्थकांनी बुलेट व युनिकॉर्न या मोटारसायकली पणास लावल्या, तेव्हा कवठेमहांकाळ पोलिसांनी दोघांवरही गुन्हा दाखल केला. निवडणुकीत अपक्ष विशाल पाटील विजयी झाले. परंतु पैज बरोबर ठरलेल्यास ती मोटारसायकल कायद्याने मागता येत नाही, आणि पैज लावल्याचा जबाब मात्र हरणाऱ्याबरोबर त्यालाही द्यावा लागतो.