गेममधली तलवार: दर्जा वेगळा, धातू वेगळा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे मित्रांसोबत बसून, फासे टाकत खेळायची गोष्ट. १९७४ साली आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. असा गेम स्वतः बनवायचा असेल, तर शस्त्रांचे नियम आधी समजून घ्या.

लातूरला होस्टेलवर आम्ही गेम बनवला तेव्हा लोखंडाला +०, पोलादाला +१ आणि वूट्झ पोलादाला +२ दिले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात वूट्झ! निवडायला काही उरलंच नाही.

दर्जा म्हणजे कारागिरी. ती आकड्यात दाखवतात. २० बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त लागत असेल, तर वार लागण्याची शक्यता ५०%. +१ मिळाला की ५५%. ८ बाजूंच्या फाशाने सरासरी ४.५ इजा होते, म्हणजे दर वारामागे २.२५. वार आणि इजा दोन्हींना +१ दिला, तर ५.५ × ०.५५ = ३.०२५. दिसायला फक्त +१, पण फायदा ३४%! म्हणूनच या गेमच्या २००३ च्या आवृत्तीत उत्तम बनावटीच्या शस्त्राला +१ फक्त वार लागण्यासाठी मिळतो, इजेसाठी नाही.

धातू म्हणजे किल्ली. त्याच आवृत्तीत चांदीच्या तलवारीची इजा १ ने कमी होते, पण लांडगा-माणसावर तीच चालते. साध्या तलवारीचा वार त्याला कमी लागतो. म्हणजे समोर कोण आहे, हे बघून शस्त्र निवडावं लागतं.

खऱ्या धातूंचंही असंच आहे. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे गाव वूट्झसाठी प्रसिद्ध होतं. तिथलं पोलाद इराणपर्यंत जायचं. त्यात कार्बन साधारण १.५%. कार्बन वाढला की पोलाद कडक होतं, धार टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो.

हे कळल्यावर आम्ही नियम बदलला: वूट्झची इजा +१, पण फाशावर १ पडला तर पातं तुटणार. साधं पोलाद तुटत नाही. मग मात्र दोन्ही तलवारींना गिऱ्हाईक मिळालं.

थोडक्यात, नवा धातू टाकताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: हा कुठे कामी येतो? आणि कुठे दगा देतो? दुसऱ्याचं उत्तर नसेल, तर तो धातू नाही, नुसता दर्जा आहे.