देवराई आणि वनकायदा

वडगाव मावळ म्हटले की इतिहासप्रेमी वाचकांस सन 1779 चा जानेवारी महिना आठवतो. तळेगाव जाळून मराठ्यांनी इंग्रजांची रसद तोडली व वडगावी त्यांस तह करणे भाग पाडले. परंतु याच मावळात आणखी एक इतिहास आहे. त्यात लढाई नसल्यामुळे बखरकारांनी त्याची दखल घेतली नाही. तो इतिहास देवरायांचा होय.

पवनेच्या परिसरात आजिवली गावी वाघजाईची राई आहे. तीत भेरली माडांची दाटी आहे. राईवर कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा दंडक. परंतु माडाचा रस काढण्यास देवीची आडकाठी नाही. केवळ देवीच्या धाकाने राया टिकल्या, असे सुशिक्षितांस वाटते. आमच्या मते हे अर्धेच सत्य आहे. धाकाच्या जोडीला गावकऱ्यांचा वाटाही होता.

हा वाटा सन 1878 च्या वनकायद्याने विसरला. राखीव वने, संरक्षित वने व ग्रामवने असे तीन वर्ग कायद्यात होते. पैकी तिसरा बहुतांशी कागदावरच राहिला. वनाधिकारी ब्रँडिस यांस गावांचा सहभाग हवा होता, पण त्यांचे चालले नाही. पुढे 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथात जंगलखात्याने गायराने हिरावल्याची तक्रार मांडली. रान सरकारचे झाले आणि लोकांची राखण सुटली.

जेथे वाटा राहिला, तेथे राखणही राहिली. सन 1970 नंतर माधव गाडगीळ व महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला. तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवावी, अशी विनंती त्यांस केली. कारण गावचा ओढा त्या राईतून येत होता.

येथे एक आक्षेप रास्त आहे. श्रद्धा ओसरत चालली आहे. देवीच्या नव्या सिमेंटच्या देवळासाठी भक्तच झाडे विकतात, अशीही उदाहरणे आहेत. म्हणून जुन्या धाकावर विसंबता येणार नाही. सन 2006 च्या कायद्याने गावांस वनावरील सामूहिक हक्क मागता येतो. तो हक्कच त्या धाकाची जागा घेऊ शकेल, असे आम्हांस वाटते.

दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपणाचे समारंभ होतात. गावकऱ्यास तेथे टाळ्यांपुरते बोलावतात. रोप कोणते व कोठे लावावे, हे त्यास कोणी विचारीत नाही. मग उन्हाळ्यात त्या रोपास पाणी कोणी घालावे?