भारतातील कोविड-१९ मृत्युसंख्येविषयीचा वाद

भारतातील कोविड-१९ मृत्युसंख्येविषयीचा वाद हा शासनाने जाहीर केलेली कोविड-१९ ची मृत्युसंख्या आणि साथीच्या काळात प्रत्यक्ष झालेले मृत्यू यांतील तफावतीसंबंधीचा सार्वजनिक, वैज्ञानिक व न्यायालयीन वाद आहे. २०२१ अखेर देशातील अधिकृत मृत्युसंख्या सुमारे ४.८१ लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला. भारत सरकारने तो अमान्य केला. मृत्यूच्या नोंदीवर वारसांना मिळणारे साहाय्य अवलंबून असल्याने हा वाद केवळ संख्याशास्त्रापुरता मर्यादित राहिला नाही.

पूर्वपीठिका

साथीतील मृत्यूंची गणना अपुरी राहण्याचा अनुभव भारतात नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गावपातळीवरील मृत्युनोंद चौकीदार किंवा पाटील यांच्याकडे असे व साथीच्या माऱ्यात ती व्यवस्था कोलमडली. १९२१ च्या जनगणनेत आधीच्या दशकाच्या तुलनेत देशाची लोकसंख्या घटल्याचे आढळले. त्या साथीतील भारतीय मृत्यूंचे पुढील अभ्यासकांचे अंदाज साधारणपणे १.२ कोटी ते २ कोटी या दरम्यान आहेत.

नोंदणीची पद्धत

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ व त्याखालील नियमांनुसार मृत्यू २१ दिवसांच्या आत स्थानिक निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मृत्यूची नोंद आणि मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणीकरण या मात्र दोन भिन्न बाबी आहेत. २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.

साथीच्या काळात रोज प्रसिद्ध होणारे आकडे या दोहोंहून वेगळ्या मार्गाने येत. जिल्हा यंत्रणा ते राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे पाठवी. त्यांत प्रामुख्याने चाचणीने निदान झालेल्या रुग्णांचा समावेश असे. चाचणी न होता घरीच दगावलेल्या व्यक्तीचे नाव निबंधकाच्या वहीत येई, परंतु दैनंदिन तक्त्यात येत नसे. सहव्याधी असलेल्या रुग्णाचे मूळ कारण कोणते लिहावे, याबाबतही एकवाक्यता नव्हती. त्यामुळे जाणीवपूर्वक लपवाछपवी झाली नाही तरीही आकडा कमी राहण्यास वाव होता.

तफावतीची प्रमुख उदाहरणे

महाराष्ट्र: जून २०२० मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईतील शेकडो मृत्यू जाहीर झाले नसल्याचा आरोप केला. १६ जून २०२० रोजी राज्याने माहितीच्या पडताळणीनंतर पूर्वीचे १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळवले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते.

गुजरात: ‘दिव्य भास्कर’ या दैनिकाने १ मार्च ते १० मे २०२१ या काळात राज्यात सुमारे १.२३ लाख मृत्यूचे दाखले दिले गेल्याचे प्रसिद्ध केले. आधीच्या वर्षी याच काळात ही संख्या सुमारे ५८ हजार होती. या ७१ दिवसांतील अधिकृत कोविड मृत्यू ४,२१८ होते. राज्य सरकारने या तुलनेतून काढलेला निष्कर्ष फेटाळला.

बिहार: मे २०२१ मध्ये बक्सर जिल्ह्यात गंगेच्या पात्रात अनेक मृतदेह आढळले. जिल्ह्यातील मृत्यूंबाबत सादर झालेल्या दोन शासकीय अहवालांत विसंगती दिसल्याने पाटणा उच्च न्यायालयाने विचारणा केली. एका अहवालात १ मार्चपासून केवळ ६ मृत्यू दाखवले होते, तर दुसऱ्यात ५ ते १४ मे या काळात एकाच घाटावर ७८९ अंत्यसंस्कार झाल्याची नोंद होती. फेरतपासणीनंतर ९ जून रोजी राज्याने ३,९५१ मृत्यूंची भर घालून एकूण संख्या ९,४२९ केली.

अतिरिक्त मृत्यूंचे अंदाज

साथ नसती तर अपेक्षित असलेले मृत्यू आणि प्रत्यक्ष झालेले मृत्यू यांतील फरकास ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात. यात विषाणूने झालेल्या मृत्यूंसोबत उपचार न मिळाल्याने झालेले अन्य मृत्यूही येतात. म्हणून ही संख्या कोविड मृत्यूंची समानार्थी नाही. प्रभात झा व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ३२ लाख मृत्यूंचा अंदाज होता. अरविंद सुब्रमणियन व अन्य दोन संशोधकांनी जुलै २०२१ मध्ये ३४ ते ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला होता.

शासनाचे आक्षेप

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ५ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. नागरी नोंदणीची विश्वासार्ह माहिती उपलब्ध असताना गणिती प्रारूप वापरणे अयोग्य आहे, तसेच १७ राज्यांची माहिती संकेतस्थळे व वृत्तमाध्यमांतून घेतली आहे, असे आक्षेप केंद्र सरकारने नोंदवले.

सर्वोच्च न्यायालय व सानुग्रह साहाय्य

३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे व मृत्यूचे दाखले देण्याची पद्धत सुलभ करण्याचे निर्देश दिले. सप्टेंबर २०२१ मधील तत्त्वांनुसार निदानापासून ३० दिवसांच्या आत रुग्णालयाबाहेर झालेला मृत्यूही कोविड मृत्यू मानला जाऊ लागला. साहाय्याची रक्कम ५०,००० रुपये ठरली. दाखल्यावर कोविड हे कारण नाही, एवढ्याच सबबीवर अर्ज नाकारू नये, असे न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातमध्ये अधिकृत मृत्यू सुमारे १० हजार असताना ६८ हजारांहून अधिक दावे मंजूर झाले होते. दाव्यांचे निकष अधिक व्यापक असल्याने दोन्ही संख्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि तक्त्याबाहेर राहिलेल्या हजारो कुटुंबांना या मार्गाने मान्यता मिळाली.

नंतरची आकडेवारी

नागरी नोंदणीनुसार देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू नोंदले गेले. २०२१ ची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या एका वर्षात नोंदीत सुमारे २१ लाखांची वाढ दिसते, तर त्याच वर्षाचे अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ३.३ लाख होते. या वाढीचा काही भाग नोंदणीचे प्रमाण सुधारल्यामुळे असू शकतो. उलटपक्षी, न नोंदलेले मृत्यू या आकडेवारीतही समाविष्ट नाहीत.