आयर्लंडांतील खेळबंदी व तरुण खेळाडू

आयर्लंडांत फुटबॉल या एकाच नांवाचे तीन निरनिराळे खेळ चालतात. असोसिएशन फुटबॉलांत चेंडू पायानें मारावयाचा. रग्बींत लांबट चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें. आणि गेलिक फुटबॉलांत वाटोळा चेंडू हातानें झेलून पायानें किंवा मुठीनें पुढें धाडावयाचा. पहिले दोन इंग्लंडांतून आलेले, तिसरा देशी. तरुण खेळाडू आपल्याकडे राखण्यासाठीं देशी खेळाच्या चालकांनीं परक्या खेळांवर बंदी घातली होती. तिनें तो हेतु साधला कीं काय, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्ल्स गांवीं स्थापन झाली. तिचा मुख्य प्रवर्तक मायकेल क्यूसॅक हा व्यवसायानें शिक्षक. सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी शाळा त्यानें १८७७ सालीं डब्लिन येथें काढली. त्या शाळेचा संघ रग्बीचा होता व क्यूसॅक स्वतः तो खेळ खेळे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

संस्थेचे आरंभींचे निर्बंध मध्यंतरीं शिथिल झाले. परंतु १९०१ ते १९०५ या काळांत ते पुनः बसविण्यांत आले. रग्बी, असोसिएशन फुटबॉल, हॉकी व क्रिकेट हे खेळ निषिद्ध ठरले. पुढें असे सामने पाहावयास जाणेंही दोषास्पद झालें व त्यावर नजर ठेवण्यास समित्या नेमल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे नोव्हेंबर १९३८ मध्यें पोलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यास हजर राहिले, म्हणून संस्थेनें त्यांचें आश्रयदातेपद काढून घेतलें. या कठोरपणामागें कारण नव्हतें असें नाहीं. २१ नोव्हेंबर १९२० रोजीं डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानांत ब्रिटिश सरकारच्या दलांच्या गोळीबारांत चौदा माणसें प्राणास मुकलीं, ही स्मृति ताजी होती.

तथापि शाळांतील विभागणी या नियमानें बदलली नाहीं. ब्लॅकरॉक व क्लाँगोज वुड यांसारख्या विद्यालयांत रग्बीच चालू राहिला. लीन्स्टर प्रांताची शालेय रग्बी-चषकस्पर्धा तर १८८७ पासूनची आहे. उलट ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळांतून बहुधा देशी खेळ शिकवीत. ब्लॅकरॉकचा विद्यार्थी ईमन डी व्हॅलेरा स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी झाला, तरी त्याची रग्बीची आवड गेली नाहीं. लिमरिक शहरांत तर रग्बी कामकरी वर्गाचा खेळ होता. तेव्हां हा भेद केवळ श्रीमंत-गरीबांचा होता असेंही म्हणतां येत नाहीं. तात्पर्य, मुलाचा खेळ ठरे तो त्याच्या शाळेवरून व वस्तीवरून.

बंदीचा फटका बसला तो दोन्ही खेळ येणाऱ्यांस. कॉन मार्टिन यानें १९४१ सालीं डब्लिनच्या संघांतून लीन्स्टरचें अजिंक्यपद मिळविलें. परंतु तो असोसिएशन फुटबॉल खेळतो असें आढळतांच त्यास काढण्यांत आलें, आणि त्याचें पदक बंदी उठेपर्यंत अडकून राहिलें. अशा रीतीनें नियमानें परक्या खेळाचें नुकसान न होतां देशी खेळाचाच एक चांगला गडी गेला.

१९७१ सालीं बेलफास्टच्या अधिवेशनांत ही बंदी रद्द झाली. खेळाडू पांगतील ही भीति मात्र खरी ठरली नाहीं. केव्हिन मोरन हा १९७६ व १९७७ सालीं डब्लिनतर्फे अखिल-आयरिश विजेता ठरला आणि १९७८ सालीं मँचेस्टर युनायटेडकडे गेला. त्याच्या जाण्यानें डब्लिनचा संघ मोडला नाहीं. कारण देशी खेळाचा पाया नियमावलींत नसून एकेका धर्मपीठाच्या कक्षेंतील गांवकऱ्यांच्या मंडळांत होता. ज्या मंडळांत बाप खेळला त्यांतच मुलगा खेळे. हा जिव्हाळा बंदीच्या आधींपासूनचा होता व बंदीनंतरही टिकला. सहा दशकांहून अधिक काळ जें काम नियमाचें म्हणून समजलें गेलें, तें वस्तुतः या मंडळांचें होतें, असाच निर्णय करावा लागतो.