अनुदान आणि वाटेकरी : पॉइन्सेट काउंटीतील कापूस-करार

कृषी-अनुदानाचा इतिहास लिहिताना शासनाने एकंदर किती रक्कम वाटली, याची मोजदाद बहुधा प्रथम केली जाते. परंतु ती रक्कम कोणाच्या नावे निघाली आणि कोणाच्या हातून पुढे गेली, हा प्रश्न त्याहून अधिक मूलगामी होय. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या ईशान्य भागातील पॉइन्सेट काउंटीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दलदलीचा निचरा करून व अरण्ये तोडून येथे कापसाचे विस्तीर्ण मळे उभे राहिले. जमीन मळेवाल्यांची, कसणारे बहुतांशी अर्धेलीचे वाटेकरी, त्यांत गोरे व कृष्णवर्णीय असे दोन्ही. हंगामभराची शिधासामग्री मालकाकडून उधारीवर मिळे आणि हिशेबही त्याच्याच वहीत राही. १९२९ साली पौंडास सुमारे १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ मध्ये साडेसहा सेंटांच्या आसपास आला, तेव्हा या व्यवस्थेचा पायाच डळमळला.

यावर उपाय म्हणून १२ मे १९३३ रोजी कृषी समायोजन कायदा संमत झाला. उत्पादन घटवून भाव चढवावा आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल शेतकऱ्यास शासनाने मोबदला द्यावा, हे त्याचे सूत्र. त्या वर्षी देशभरात सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. भावही वधारला. कायद्याने स्वतःपुढे ठेवलेल्या कसोटीस तो उतरला, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र १९३४-३५ च्या कराराची कलमे पाहिली म्हणजे चित्राची दुसरी बाजू दिसू लागते. पडीक जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडास साडेतीन सेंट ‘भाडे’ मिळे. ते सर्वस्वी जमीनमालकाचे. त्याखेरीज मिळणाऱ्या एका सेंटाच्या पूरक रकमेत तेवढी वाटणी होई. म्हणजे साडेचार सेंटांपैकी चार मालकास आणि अर्धा अर्धेलीच्या वाटेकऱ्यास. तोही मालकाच्या हातूनच यावयाचा असल्याने पुष्कळदा जुन्या उधारीत जिरून जाई. कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या स्थानिक समित्यांवर वर्चस्व मळेवाल्यांचेच होते. तक्रार करावी ती त्यांच्यापुढेच.

कराराच्या सातव्या कलमाने कुळांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम राखण्याचे बंधन मालकावर घातले होते. संख्या तीच राखावयाची की माणसे तीच, हा वादाचा मुद्दा ठरला. पडीक जमिनीस कसणारा लागत नाही. त्यामुळे कुळास काढून टाकणे मालकाच्या हिताचेच झाले. टायरोन्झानजीकच्या एका मळ्यातून कुळांना हुसकण्यात आले, आणि जुलै १९३४ मध्ये तेथेच गोऱ्या व कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. वर्णभेदाने विभागलेल्या त्या प्रदेशात ही घटना असामान्य होती. कृषी खात्याच्या विधी-शाखेने माणसे तीच राखावयाची, असा अर्थ लावताच फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या शाखेच्या प्रमुखासह अनेकांना पदमुक्त करण्यात आले.

६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायद्याची करयोजना घटनाबाह्य ठरविली. त्यानंतरच्या भूसंधारण-योजनांत वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला. परंतु त्याचा एक परिणाम असा की, अनेक मालकांनी वाटेकऱ्यांस रोजंदारीवर आणून तोही हिस्सा आपल्याकडे ठेवला. वाटेकऱ्यांच्या विस्थापनाचा सारा दोष अनुदानावर लादणे मात्र युक्त नव्हे. मंदीने त्याची सुरुवात आधीच केली होती आणि पुढे ट्रॅक्टरने ते पूर्णत्वास नेले. तथापि त्या ट्रॅक्टरसाठी लागणारे भांडवल पुरविण्यात अनुदानाचाही वाटा होता.

यावरून एवढे निष्पन्न होते की, जे अनुदान श्रमास न मिळता स्वामित्वास मिळते, ते अस्तित्वात असलेले संबंध केवळ टिकवीत नाही. दुर्बळ पक्षास अनावश्यक ठरवून ते मोडून टाकते. म्हणून अनुदानाच्या अभ्यासकाने एकूण रकमेच्या तक्त्याआधी कराराचे कलम वाचावे, हेच श्रेयस्कर.