ऊन दाखवण्याचा दिवस

हुबळीहून धारवाडच्या वाटेवर उणकल लागतं. एके काळचं हे स्वतंत्र गाव आता जोडशहराच्या पोटात गेलं आहे. तळ्यामुळं ते सगळ्यांना माहीत असतं. तळ्याकाठी संध्याकाळी गर्दी असते, त्या मानानं चंद्रमौळीश्वराच्या देवळात शुकशुकाट. चालुक्यकाळचं हे देऊळ आहे. चारी दिशांना दारं, आत चतुर्मुख लिंग. कुठल्याही बाजूनं या, देव तुमच्याकडं तोंड करूनच. जैन घरात वाढलेल्या बाईला इथं समवसरण आठवल्याशिवाय राहत नाही. तीर्थंकर मधोमध, भोवती देव, माणसं, पशुपक्षी यांच्या बारा सभा, आणि प्रत्येकाला वाटतं, भगवान माझ्याकडंच बघतायत. प्रेक्षागृहाची याहून उदार कल्पना मला तरी माहीत नाही. कुणाला मागची रांग नाही, कुणाला खांबाआडची जागा नाही.

आता मोठ्या शहरांत संग्रहालयांचे हंगाम असतात. हिवाळ्यात अमुक प्रदर्शन, सुट्टीत तमुक, त्याच्या जोडीला अंगणात गाणं किंवा नाटक. ही पद्धत आपल्याकडं बाहेरून आली असं समजतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडं कलेला आणि ज्ञानाला ऋतू होताच, फक्त त्याला कुणी प्रदर्शन म्हणत नव्हतं. हुबळी-धारवाडचा इतिहास चाळला की हे चांगलं कळतं.

नाटकापासून सुरुवात करू. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मराठी नाटकाची पहिली ठिणगी कानडी मुलखातली. पुढं ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. मग 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. तिचं मुख्य कार्यालय धारवाडात, कारखाना हुबळीत. रेल्वेचं ते कार्यालय गेलं आणि त्याच इमारतीत कर्नाटक कॉलेज भरू लागलं, ते आजही तिथंच आहे. रेल्वेमुळं पडदे, पेट्या, दागिन्यांचे डबे, आचारी, साथीदार असा सगळा बारदाना घेऊन कंपनीला मिरजेहून हुबळीला उतरणं सोपं झालं. मराठी संगीत नाटकाचे मुक्काम इथं पडू लागले. कानडी माणूस मराठी पदं गुणगुणू लागला.

याचा काही जणांना त्रासही झाला, आणि तो रास्त होता. गदगला शांतकवींनी 1870 च्या दशकातच कन्नड नाटकमंडळी उभी केली होती. आपल्या गावात आपल्या भाषेतलं नाटक का नसावं, हा त्यांचा प्रश्न होता. पुढं कन्नड कंपन्या इतक्या वाढल्या, की मराठी कंपन्या थकल्या, सिनेमापुढं मोडल्या, तरी त्या चालत राहिल्या. आपण मराठी माणसं ‘आमच्या नाटकानं कर्नाटकाला वेड लावलं’ एवढंच सांगतो. भाव्यांनी आधी काय घेतलं आणि शांतकवींना नंतर काय खुपलं, हे दोन्ही सोडून देतो. मधलाच अंक सांगितला तर गोष्ट कळायची कशी?

या कंपन्यांचं सगळं गणित ऋतूवर. कापडाचं, पत्र्याचं थिएटर उभं करायचं तर पाऊस नको, आणि लोकांच्या हातात पैसा हवा. तो येतो सुगीनंतर. म्हणून जत्रांच्या मागं कंपन्या. बदामीजवळच्या बनशंकरीची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. तिथं आजही एकाच वेळी अनेक नाटक कंपन्यांचे तंबू लागतात, रात्र-रात्र खेळ होतात. आमचे मुनी आठ महिने चालतात आणि चार महिने एका गावी थांबतात, ते पावसात जिवाणू पायाखाली येऊ नयेत म्हणून. नटांचं फिरणं पोटासाठी, मुनींचं थांबणं जीवदयेसाठी. कारणं अगदी निराळी, पण पंचांग एकच. चातुर्मासात आमच्या बायकांना प्रवचन असतं तसं उरलेल्या आठ महिन्यांत गावाला नाटक असायचं. दोन्ही येण्याची वाट बघितली जायची, आणि वाट बघितल्यामुळंच ती मनात राहायची.

या रंगभूमीनंच गाणं वाढवलं. कुंदगोळ हे हुबळीजवळचं लहान गाव. तिथले रामचंद्र गणेश कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. 1886 चा जन्म. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, पण मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवून मोठे झालेले. ‘सवाई’ ही पदवी दादासाहेब खापर्ड्यांनी दिली असं सांगतात. त्यांच्याकडं शिकायला हुबळीहून आगगाडीनं एक मुलगी यायची, गंगूबाई. जन्म 5 मार्च 1913, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणारी. मुलीचा कल हिंदुस्थानी गाण्याकडं आहे हे पाहून आईनं स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं, मुलीच्या कानात दोन पद्धतींची भेसळ नको म्हणून. एखाद्या संग्रहालयात हा त्याग कुठल्या कपाटात ठेवणार? गंगूबाईंच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर नाव असायचं ‘गांधारी, हुबळी’. पुढं 2002 साली पद्मविभूषण मिळालं, आणि 21 जुलै 2009 ला त्या हुबळीतच गेल्या.

आता स्मरण कसं राहिलं ते बघा. सवाई गंधर्व 12 सप्टेंबर 1952 ला गेले. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त दरवर्षी मैफल होत आली. याच वाड्यात म्हैसूरला जाता-येता खाँसाहेब उतरत. पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 पासून उत्सव सुरू केला, त्याचं आजचं रूप सगळ्यांना माहीत आहे. वाडा जुना, गाणारे बदलत गेले, ऐकणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, पण तारीख आली की सतरंज्या अंथरायच्या. उलट, धारवाडच्या शुक्रवारपेठेतल्या गंगूबाईंच्या जन्मघराचं ‘गंगोत्री’ नावाचं स्मारक केलं गेलं, आणि पुढं त्याच्या पडझडीच्याच बातम्या वाचायला मिळाल्या. एक घर वर्षातून एकदा लोकांनी भरतं म्हणून उभं राहिलं, दुसरं कायमचं जपायचं म्हणून कुलूपबंद केलं आणि ढासळलं. संग्रहालयांवर माझा राग नाही. धारवाडची कन्नड संशोधन संस्था 1939 साली निघाली, तिनं शिलालेख, वीरगळ, पोथ्या गोळा केल्या नसत्या तर त्या गोठ्यांच्या भिंतीत गेल्या असत्या. पण गोळा करणं हे अर्धं काम आहे.

उरलेलं अर्धं आमच्या श्रुतपंचमीनं मला शिकवलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमी. गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना आगम शिकवले, त्यांनी ‘षट्खंडागम’ लिहून पुरा केला आणि या दिवशी त्याची पूजा झाली, अशी परंपरा आहे. या दिवशी पोथ्या बाहेर काढायच्या, फडकी बदलायची, झटकायच्या, वाऱ्याला लावायच्या. तिथी बघा. मृगाचा पाऊस आला किंवा येऊ घातला अशा बेताला हा दिवस येतो. दमट हवेत ताडपत्राला कीड लागते, बुरशी धरते. त्याआधी प्रत्येक पान हाताखालून गेलं पाहिजे. धर्माच्या नावानं घातलेली ही वर्षाची तपासणीच.

जिथं ती राहिली तिथं काय होतं, हेही आमच्याच इतिहासात आहे. त्याच ‘षट्खंडागमा’वरची ‘धवला’ टीका आणि तिच्या जोडीचे ग्रंथ ताडपत्रावर मूडबिद्रीत होते. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन मिळायचं, वाचन नाही. शतकानुशतकं लोक हात जोडून गेले, आणि पानं आत झिजत राहिली. शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला सुरू झाल्या. नकला करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप एक कानडी प्रतही तयार केली आणि त्या कामात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. तीच प्रत मूडबिद्रीबाहेर सहारनपूरला गेली, तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या, आणि 1939 साली हिरालाल जैनांनी संपादित केलेला ‘धवले’चा पहिला भाग अमरावतीहून छापून आला. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये या कामात त्यांचे सहकारी होते.

गुपचूप प्रत करणं योग्य होतं का, यावर तेव्हा वाद झाले, आजही होतील. अचौर्यव्रताची आठवण मलाही आहे. पण मी हेही विसरू शकत नाही, की हजार वर्षांचा ग्रंथ आज माझ्या टेबलावर आहे तो घरात बसून अक्षर काढणाऱ्या एका बाईमुळं. तिचं चित्र कुठं लावलेलं मी पाहिलेलं नाही.

गंगूबाईंच्या नावाचं गुरुकुल आता उणकलला आहे. तिथं मुलंमुली राहतात, गुरूसमोर बसून शिकतात. ‘गंगोत्री’च्या भिंतींना जे जमलं नाही ते तिथं रोजच्या रियाजात घडतं. आमच्या मंदिरांत मात्र अलीकडं मी बघते, श्रुतपंचमीला छापील ग्रंथ प्लॅस्टिकच्या आवरणासकट पाटावर मांडतात, अष्टद्रव्यांनी पूजा होते, आरती होते, आणि आवरण न काढता ते परत कपाटात जातात. मूडबिद्रीच्या यात्रेकरूंना पान उलटायची मुभा नव्हती. आपल्याला कुणी अडवलेलं नाही. पुढच्या पंचमीला पूजेनंतर निदान एका ग्रंथाचं एक पान मोठ्यानं वाचावं, म्हाताऱ्या बायकांना मागं बसून ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. पाऊस पडायच्या आत तेवढं झालं पाहिजे.