हवा तर भाड्याचीच

अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, स्कूबा डायव्हिंगचं कार्ड बाळगणारी माणसं आता विरळ राहिलेली नाहीत. कोणी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात शिकलेलं असतं, कोणी अंदमानात, कोणी गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी. २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझ कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं आणि या मंडळींत एक वाद हटकून रंगू लागला: क्रूझला जाताना डायव्हिंगचं सामान आपलं न्यावं का? बहुमत ठाम आहे. न्यावं, आणि सगळं न्यावं. आपला जीव, आपलं सामान.

हे मत उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पाण्याखाली अठरा मीटरवर श्वास ज्या रेग्युलेटरमधून येतो, त्याची निगा कोणी आणि कधी राखली हे माहीत असावं, ही मागणी रास्तच आहे. हाताला सवय झालेलं बटण घाबरलेल्या क्षणी न शोधता सापडतं, हेही खरं. शिवाय कालच कोणीतरी चावलेला माउथपीस आज आपल्या तोंडात नको, हा मुद्दा तर वादातीत. चौथा हेतू कोणी बोलून दाखवत नाही: संच घेताना लाखाच्या घरात पैसे गेलेले असतात आणि माळ्यावर पडलेली ती बॅग दर दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांच्या नजरेत खुपते.

आता पहिला हेतू तपासू. सामान आपलं म्हणजे जीव आपल्या हाती, असं ज्यांना वाटतं त्यांनी सिलिंडरचा विचार केलेला नसतो. भरलेला सिलिंडर विमानात चालत नाही, क्रूझवाले तो जहाजावर घेऊ देत नाहीत, आणि ॲल्युमिनियमचा साधा सिलिंडर रिकामाच चौदा किलोंच्या आसपास भरतो. तेव्हा सिलिंडर तिथलाच, त्यात २०० बारच्या दाबाने भरलेली हवा तिथल्याच कॉम्प्रेसरची, होडी तिथली, होडीवर थांबून बुडबुड्यांवर नजर ठेवणारा माणूसही तिथलाच. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो, जवळच्या इंजिनाचा धूर त्यात जातो का, फिल्टर वेळेवर बदलतात का, यावर जीव खरा टांगलेला; आणि बोरिवलीहून नेलेला सर्वांत महागडा रेग्युलेटरसुद्धा दूषित हवा शुद्ध करून देत नाही. ज्या केंद्राच्या हवेवर आपण विश्वास टाकतो, त्याच केंद्राच्या रेग्युलेटरवर मात्र टाकत नाही. ही सावधगिरी अर्ध्यावरच थांबलेली आहे.

न्यायशास्त्राच्या भाषेत ‘आपलं आहे’ हा हेतू सव्यभिचार आहे: तो सुरक्षिततेबरोबर आढळतो, तसाच असुरक्षिततेबरोबरही. उपनगरातल्या घरी त्या बॅगेचं काय होतं ते पाहा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे जूनपासून चार महिने सामान निजलेलं. ज्या हवेत चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, त्याच हवेत निओप्रीनचा सूट आणि रबरी पडदे मुरत पडतात. डाइव्हनंतर बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जॅकेट, आतून नीट धुतलं नसेल तर मीठ वाळून इन्फ्लेटरचं बटण अडकू लागतं, आणि पाण्याखाली ते दाबलेल्या अवस्थेत अडकलं तर जॅकेटमध्ये हवा भरतच राहते. डायव्हर बुचासारखा वर फेकला जातो. त्या घाईत श्वास कोंडला गेला तर प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुस फाटू शकतं. रेग्युलेटर सर्वसाधारणपणे वर्षाला तपासून घ्यायचा असतो. वर्षातून दोनदा पाण्यात उतरणारा हौशी माणूस ते दरवर्षी करतो का, हे ज्याने त्याने आपल्या पावत्यांना विचारावं. चांगल्या केंद्रातला संच मोसमात रोज पाण्यात जातो, रोज गोड्या पाण्यात बुडवला जातो, आणि बिघडला तर दुसऱ्याच दिवशी बोभाटा होतो. माळ्यावरचा बिघाड मात्र कळतो तो पाण्यात उतरल्यावर. सगळीच केंद्रं चांगली असतात असं मी म्हणत नाही. डिसेंबरच्या गर्दीत मालवणला एकामागून एक होड्या सुटतात तेव्हा तर डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. पण होडीवर दाबमापकाकडे बघत चार श्वास घेऊन काटा हलतो का ते पाहणं, हवेला तेलकट वास येतो का हुंगणं, फुगवून-सोडून बटणं तपासणं, वजनं सोडायची कशी हे जोडीदाराबरोबर करून बघणं, एवढं तर स्वतःच्या संचालाही चुकत नाही.

सवयीच्या हेतूला अर्धे गुण देतो. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर जमवला, त्यानंतर ही यंत्रणा इतकी प्रमाणित झाली आहे की कोणत्याही सर्वसाधारण संचात श्वासाची नळी उजव्या खांद्यावरून येते आणि इन्फ्लेटर डाव्या हाताला असतो. फरक पडतो तो वजनांच्या खिशात आणि झडपेच्या जोडणीत. आपला रेग्युलेटर डीआयएन जोडणीचा आणि तिथले सिलिंडर योकचे, तर अडॅप्टरविना तो सूटकेसमध्येच राहणार.

शिवाय अतिव्याप्ती. सगळं आपलं न्यावं हा नियम मुळात लिव्हअबोर्डचा, म्हणजे मालदीवसारख्या ठिकाणी डायव्हिंगसाठीच निघणाऱ्या बोटीचा, जिथे आठवडाभर दिवसातून तीन-चार डाइव्ह होतात आणि डेकवर धुवायच्या टाक्या असतात. तिथे तो बरोबरच आहे. क्रूझ म्हणजे वेगळं प्रकरण. लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जहाज बाहेर थांबतं, माणसं छोट्या होड्यांनी बेटावर जातात आणि संध्याकाळच्या आत परततात. त्यात एक डाइव्ह बसली तर नशीब. लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘समुद्रम’ सहलीतही दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर. एवढ्यासाठी बारा-पंधरा किलोंची बॅग लोकलमधून चर्चगेटपर्यंत वाहायची, मग टॅक्सीने बॅलार्ड पिअर, सुरक्षा तपासणीत सुरीचा खुलासा करायचा, आणि परतताना खारं पाणी गळणारा सूट केबिनच्या चिमुकल्या न्हाणीघरात टांगायचा. तो वाळत तर नाहीच. आणि पुष्कळ ठिकाणी डाइव्हच्या दरात संच धरलेलाच असतो, तेव्हा आपला नेल्याने फारसं काही वाचतही नाही.

मग काहीच न्यायचं नाही? उलट टोकालाही मी जाणार नाही. माझी कसोटी मालकीची नाही, शरीराची आहे: जी वस्तू तुमच्या चेहऱ्याला, डोळ्याला किंवा रक्ताला बांधलेली आहे ती तुमचीच असावी. मास्क चेहऱ्याला. प्रत्येक नाकाची ठेवण वेगळी, आणि मिशीवाल्यांचं दुःख तर न सांगितलेलंच बरं; तिथे पाणी झिरपतंच. चष्म्याचा नंबर जास्त असेल तर नंबराच्या काचांचा मास्क आपलाच हवा, कारण तो ऐनवेळी बेटावर मिळेल याची खात्री नाही. माउथपीस तर वजनाने काहीच नाही. प्लास्टिकची पट्टी कापून केंद्रातल्या माणसाकडून बसवून घेतला की स्वच्छतेचा मुद्दा संपला. पाय फारच लहान किंवा मोठे असतील त्यांनी फिन्सही न्यावेत. लक्षद्वीपचं पाणी कोमट, सूट तिथला पातळ चालतो.

आणि डाइव्ह कॉम्प्युटर. यावर मी हट्टी आहे. हॉल्डेनने १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं मांडली, त्याच विचाराचा हा वंशज: तुमच्या शरीरात किती नायट्रोजन मुरला असावा याचा हिशेब तो खोली आणि वेळेवरून मांडत राहतो. गोव्यात एक डाइव्ह आणि लगेच अगत्तीला दुसरी असेल, तर दर ठिकाणी मिळणाऱ्या भाड्याच्या यंत्राला तुमच्या आधीच्या डाइव्हचा पत्ताच नसतो. उलट त्यात आदल्या गिऱ्हाइकाचा नायट्रोजन शिल्लक असू शकतो. रेग्युलेटरला तुम्ही कोण आहात याची गरज पडत नाही, कॉम्प्युटरला पडते. त्याच्याबरोबर कार्ड, लॉगबुक आणि प्रकृतीचा फॉर्म ठेवा. दमा, रक्तदाब असं काही असेल तर फॉर्मवर डॉक्टरांची सही मुलुंडलाच घेऊन निघा, नाहीतर पंधरा किलो सामान घेऊन पोचलेला माणूस किनाऱ्यावर बसून राहतो.

जाताना क्रूझ आणि येताना विमान घेणाऱ्यांना तर कॉम्प्युटरची जास्त गरज, कारण शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब विमानात बसण्याआधीही लागतो. अगत्तीला दुपारी डाइव्ह, दुसऱ्या दिवशी सकाळी कोची आणि लगेच मुंबईचं विमान, असा बेत कागदावर देखणा दिसतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. तिकीट काढताना दुपारनंतरचं विमान निवडावं.